पंख्याचा फंडा
बाबांच्या जुन्या डिझेल जीपला इलेक्ट्रिक फॅन बसवायचं चाललंय. मूळ पंखा बेल्टवर, म्हणजे इंजिनाच्याच तालावर फिरतो. सिग्नलला गाडी तापते, तेव्हा हे महाशय सुस्त. हायवेवर फुकटचा वारा मिळतो, तिथे मात्र उगाच ताकद खात गरगरतात! इलेक्ट्रिक फॅन पाणी तापलं की सुरू, निवलं की बंद. सॉलिड ना?

पण बॉस, मेकॅनिक ‘थेट डॅशबोर्डच्या बटणाला जोडतो’ म्हणाला, तर सरळ नाही म्हणा. थर्मो स्विच, रिले, फ्यूज हवेतच. नाहीतर बटण विसरलात की इंजिन तापलंच, आणि वायर जळायची भीती वेगळी. शिवाय जुना अल्टरनेटर कमी पडला, तर पावसाळी रात्री हेडलाइट, वायपर, फॅन मिळून बॅटरी उतरवणार. घाटात गाडी बाबा एकटे नेतात. त्यामुळे आधी अल्टरनेटर, फॅन पुढच्या पगाराला.