तळपाय पाहायला अल्गोरिदम लागत नाही

दर काही महिन्यांनी विज्ञानवार्तांत तीच बातमी नवा वेश घालून येते: मधुमेहींसाठी ‘स्मार्ट’ मोजे, संवेदक बसवलेली बुटातली गादी, छायाचित्रावरून जखम ओळखणारे ॲप. मी भौतिकीची संशोधक आहे. संवेदकांविषयी मला आकस असायचे कारण नाही. आक्षेप आहे तो या बातम्यांतल्या न बोललेल्या गृहीतकावर, की मधुमेहींचे पाय उपकरणांअभावी कापले जातात. हे खरे नाही.

मधुमेहाने मज्जातंतू निकामी झाले की तळपायाला वेदना कळेनाशी होते. चपलेत खडा शिरला तरी माणूस दिवसभर चालत राहतो. एकाच जागी दाब पडून घट्टा होतो, त्याखाली जखम होते, आणि दुखत नसल्याने ती चिघळेपर्यंत घरात कोणाला पत्ता लागत नाही. मधुमेहींचे पाय कापावे लागतात त्यांपैकी सुमारे ८५ टक्के वेळा आधी असा व्रण झालेला असतो.

ही हरवलेली संवेदना ओळखायला नायलॉनचा एक तंतू पुरतो. रुग्णाने डोळे मिटायचे, तंतू तळव्यावर टेकवून वाकेपर्यंत दाबायचा, आणि स्पर्श कळला का ते विचारायचे. यामागे ऑयलरचे अठराव्या शतकातले गणित आहे. सडपातळ स्तंभ ठरावीक बलाला वाकतो. वाकल्यावर आणखी रेटले तरी बल फारसे वाढत नाही. म्हणून परिचारिकेचा हात हलका असो वा जड, तळव्यावर भार पडतो तो १० ग्रॅमच्या आसपासच. ना बॅटरी, ना सॉफ्टवेअर. (अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांनी हे सूत्र परीक्षेपुरते पाठ केलेले असते.)

आणि उपाय? बधिर पावलांचे शास्त्र तर इथल्याच मातीतले. वेल्लोरला पॉल ब्रँड यांनी कुष्ठरुग्णांवर काम करताना दाखवून दिले की बोटे रोगाने आपोआप ‘झडत’ नाहीत. वेदना नसल्याने दुर्लक्षित राहिलेल्या इजांनी ती जातात. पुढे हेच ज्ञान मधुमेहाला लागू झाले. चेन्नईत रॉयपुरमच्या मधुमेह रुग्णालयातील संशोधकांनी पूर्वी व्रण झालेल्या रुग्णांना मऊ तळाची खास पादत्राणे दिली. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात ही पादत्राणे वापरणाऱ्यांपैकी ४ टक्क्यांना नवे व्रण झाले, नेहमीच्या चपला वापरणाऱ्यांपैकी ३३ टक्क्यांना. याची ठळक बातमी कोणी वाचली आहे?

तापमान मोजण्याचा उपयोग होतो, हे मान्य. दोन्ही पावलांवरच्या सारख्या जागांच्या तापमानात सुमारे २.२ अंश सेल्सिअसचा फरक दिसला की चालणे कमी करायचे, या साध्या नियमाने व्रण घटल्याचे चाचण्यांत दिसले आहे. पण त्या चाचण्यांत वापरला होता तो हातात धरायचा थर्मामीटर.

२०२३च्या आयसीएमआर-इंडियाब अभ्यासानुसार देशात १०.१ कोटी मधुमेही आहेत. त्यांतल्या किती जणांना बाह्यरुग्ण विभागात साखरेचा आकडा पाहून झाल्यावर कोणी म्हणते, “चपला काढा, पाय बघू”? पुढच्या ‘स्मार्ट’ मोज्याची बातमी आली की अचूकतेची टक्केवारी बाजूला ठेवा आणि विचारा: किती रुग्णांवर, किती महिने वापरला, आणि नवे व्रण किती कमी झाले?