कबूल है? नाही, कबूल नाही!

आपल्याकडे मुलीनं ‘कबूल है’ म्हणायचं ते निकाहात. मला ते कोर्टात म्हण, असं माझ्याच घरच्यांनी सांगितलं.

गेल्या वर्षी एका रात्री नऊ वाजता कामावरून सुटून मी स्टेशनबाहेर शेअर रिक्षाची वाट बघत उभी होते. पोलिसांनी तिथल्या चार बायकांना गाडीत घातलं, त्यांत मीही होते. अनैतिक व्यापार प्रतिबंध कायदा, १९५६, कलम ८: सार्वजनिक ठिकाणी गिऱ्हाईक बोलावणं. दुसऱ्या दिवशी जामीन झाला.

मामू म्हणाले, "गुन्हा कबूल कर, पाचशे रुपये दंड भर, विषय संपव. लढलीस तर मोहल्ल्यात बोभाटा होईल." अब्बा मान खाली घालून बसले. निकाह तीन महिन्यांवर आलेला. खोटं कशाला सांगू, दोन रात्री मीही तेच ठरवलं होतं.

मग मला लॉकअपमधल्या आपा आठवल्या. त्या म्हणाल्या होत्या, "मी धंदा करते, लपवत नाही. पण आज पोराचं औषध घ्यायला आले होते. मागच्या वेळी कबूल केलं ना, आता कोण ऐकणार?"

कायदा वाचला तेव्हा कळलं, की विषय संपत नाही, तिथून सुरू होतो. पहिल्या वेळी शिक्षा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाचशेपर्यंत दंड, किंवा दोन्ही. दुसऱ्यांदा दोषी ठरलात तर कैद एक वर्षापर्यंत. आणि कलम १०-अ प्रमाणे कोर्ट स्त्रीला या शिक्षेऐवजी दोन ते पाच वर्षं सुधारगृहातही पाठवू शकतं. पाचशेची पावती हीच मिळेल, याची हमी मामू देणार होते का? शिवाय कबुलीवर दोषी ठरलं, की त्या दोषाविरुद्ध अपील नाही. फार तर शिक्षा किती आणि कायदेशीर आहे का, एवढ्यावर भांडता येतं.

उलट लढायचं म्हटलं, तर विचारण्यासारखं पुष्कळ असतं. या कायद्याखाली वॉरंटशिवाय अटक करायची ती विशेष पोलीस अधिकाऱ्यानं किंवा त्याच्या हुकमानं, परवानगीनं. सूर्यास्तानंतर स्त्रीला अटक करायची तर अपवादात्मक कारण, महिला अधिकारी आणि दंडाधिकाऱ्यांची आधी परवानगी लागते. माझ्या वेळी यातलं काय झालं होतं? कबूल केलं असतं तर हे कुणी विचारलंच नसतं.

"वकिलाला पैसे कुठून आणायचे?" १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यानं स्त्रीला मोफत वकील मिळतो, उत्पन्न कितीही असो. जिल्हा कोर्टातच त्यांचं कार्यालय असतं.

"आमची मुलगी तसली नाही" एवढ्यावर लढायलाही माझा विरोध आहे. मुंबई उच्च न्यायालयानं २०२० मध्ये स्पष्ट केलं, की वेश्याव्यवसाय हा मुळात गुन्हा नाही. आपांनाही त्या रात्री औषध घ्यायचा तेवढाच हक्क होता, जेवढा मला रिक्षा पकडायचा.

आणि इज्जतीची चिंता करणाऱ्या बुजुर्गांना एक नम्र सवाल. बाईच्या चारित्र्यावर आळ घेणाऱ्याकडे कुरआन सूरह नूरमध्ये चार साक्षीदार मागतं, नसतील तर आळ घेणाऱ्यालाच सजा सांगतं. तुम्ही माझ्याकडून कबुली मागितलीत. पोलिसांकडे एक तरी साक्षीदार मागितलात का?

लढणं स्वस्त नाही. प्रत्येक तारखेला माझा एक खाडा पडतो. मंगनी मोडली. निकाल अजून लागायचा आहे, आणि तो माझ्या बाजूनं लागेलच असं नाही.

तरीही ज्या दिवशी साहेबांनी विचारलं, "गुन्हा कबूल आहे का?", तेव्हा मी "नाही" म्हणाले. मागे बाकावर अब्बा बसले होते. त्या दिवशी त्यांची मान वर होती.

बहिणींनो, भावांनो, कुणी घाईनं ‘कबूल कर’ म्हणालं, तर आधी वकिलाकडे जा. कबुली एका शब्दात होते. ती निस्तरायला वर्षं जातात.