मामीची चिंबोरी

कुठल्याही जरा ‘हटके’ कॅफेत शिरा. कोपऱ्यातल्या टेबलाखाली लोखंडी जाळीचं पायडल असतं, बाजूला ओतीव अक्षरांत ‘सिंगर’. वर गुळगुळीत काच, काचेवर आपली कोल्ड कॉफी. पाय आपोआप पायडलवर जातात, दोनदा हलवून होतं, एक फोटो होतो. लंडनच्या ऑलसेंट्स या कपड्यांच्या ब्रँडने तर दुकानांच्या काचेमागे जुनी शिलाई मशिनं रांगेने मांडून तीच आपली ओळख केली. दिसतं झक्कास! प्रश्न एवढाच, की आपल्या कॉफीखालच्या स्टँडवर जे मशीन होतं ते गेलं कुठे? बहुतेक वेळा उत्तर बोअरिंग आहे. भंगारात, किलोवर.

हे आत्ता आठवायचं कारण म्हणजे माझ्या मामीकडे असाच एक खरेदीदार येऊन गेला. मामी राहते पूर्ण्याला. ठाण्याहून कापूरबावडी, बाळकुम, मग कशेळीचा पूल, काल्हेर आणि पुढे पूर्णा. तुम्ही मोबाइलवर काहीही मागवा, ते कधी ना कधी याच पट्ट्यातल्या एखाद्या गोडाऊनमधून निघतं. मुंबईची जकात चुकवता येते म्हणून इथे गोडाऊन्स फोफावली. २०१७मध्ये जीएसटी आला, जकात गेली, गोडाऊन्स मात्र वाढतच राहिली. भातशेतीच्या जागी पत्र्याचे शेड, रस्ताभर कंटेनर. आणि थोडं पुढे भिवंडीत यंत्रमागांची अखंड खडखड. म्हणजे कापड विणलं जातं इथे, तयार कपडे ठेवले जातात इथे, आणि मधलं शिवण्याचं काम जगभर कुठेही होतं. मामीसारख्या काही जणी ते मधलं काम घरातच करतात. पावसाळा लागला की तिच्याकडे झालरींच्या ऑर्डरी सुरू होतात. गणपतीच्या मखराच्या झालरी, गौरीच्या चौरंगाच्या, मधूनच बारशाच्या पाळण्याची एखादी.

खरेदीदाराची ऑफर अशी: स्टँडचे साडेतीन हजार रोख. वरचं ‘डोकं’ नको, ते काढून ठेवा. मामेभावाला पटलंय. ती खोली गोडाऊनमधल्या मुलांना भाड्याने देता येईल, असं त्याचं गणित. गणित चूक नाहीये. फक्त त्यात एक आकडा धरलेला नाही, आणि त्याच्यासाठीच आजचा हा कॉलम.

मामीचं मशीन काळं, सोनेरी नक्षी अर्धी पुसलेली. अशा मशीनच्या खालच्या पाटावर उजवीकडे नंबर ठोकलेला असतो, आधी एक-दोन अक्षरं आणि मग आकडे. सिंगरच्या जुन्या नोंदींशी तो ताडला की मशीन कधीचं ते कळतं. आपल्याकडची बरीच जुनी सिंगर स्कॉटलंडमधल्या क्लाइडबँकच्या कारखान्यातली आहेत. तो कारखाना १८८५मध्ये सुरू झाला आणि १९८०मध्ये बंद पडला. मामीचं पन्नासच्या दशकातलं निघालं. घरात ‘उषा’ असेल तरी नाराज होऊ नका. कोलकात्याच्या जय इंजिनिअरिंग वर्क्सने ती १९३०च्या दशकात सुरू केली, आणि पुढचं सगळं तिलाही जवळपास तसंच लागू आहे. (यंत्रांवर एवढी टीका करणाऱ्या गांधीजींनीही १९२४मध्ये शिलाई मशीनला अपवाद केलं होतं, हे घरातल्या वादात वापरायला बरं पडतं.)

मशीनच्या खणात बिस्किटांचा जुना डबा आहे आणि डब्यात चिंबोरी. म्हणजे खेकडा हो, पण मामीच्या भाषेत चिंबोरीच. स्टीलचा मूठभर अवजड प्रकार. एका बाजूला पुढे आलेली दुबेळकी नांगी, खाली निळसर पोलादाची दोन पातळ पाती, मध्ये एक दातेरी चाक. पार्टच्या दुकानात याला रफलर म्हणतात. कापडाला चुण्या घालून देणं एवढंच याचं काम. जुन्या काळात सिंगर असले जोड घडीच्या लाकडी पेटीत द्यायची. पेटी उलगडली की आत मखमलीवर एकेक तुकडा आपल्या खाचेत बसलेला. त्या पेटीचं पेटंट १८८९चं आहे. म्हणजे वस्तू काही आजची नाही.

आता चुण्या हातानेही घालता येतातच की! लांब टाक्यांच्या दोन ओळी घालायच्या, खालचे दोरे ओढायचे, जमलेलं कापड बोटांनी सारखं करायचं. रुमालाएवढ्या कामाला ठीक आहे. पण दहा फूट पट्टी घ्या आणि नवव्या फुटाला दोरा तुटू द्या, मग बोलू. रफलर दोरा ओढत नाही. तो कापड ढकलतो. त्याची नांगी सुई घट्ट धरणाऱ्या स्क्रूवर बसते, त्यामुळे सुई वर-खाली झाली की नांगीही होते. ती दातेरी चाक एकेक दात पुढे सरकवते, आणि ठरलेल्या दाताला वरचं निळं पातं कापडाची एक घडी सुईखाली सारतं. सुई खाली येते, घडी शिवली जाते. बस्स, एवढाच फंडा.

बसवण्याआधी दोन गोष्टी पाहा. एक, तुमच्या मशीनचा दांडा, म्हणजे ज्याला पाय अडकवतात तो, ठेंगणा आहे की उंच. आपल्याकडची घरगुती काळी मशिनं बहुतेक ठेंगण्या दांड्याची, आणि दुकानात मिळणारे रफलरही बहुतेक त्याच मापाचे. तरी जुना पाय काढून सोबत न्या, दुकानदार लावून बघेल. दोन, टाका सरळ हवा. काळ्या मशीनला दुसरा टाका येतच नाही, त्यामुळे तुम्ही सेफ आहात. झिगझॅगवाल्या नव्या मशीनवर मात्र सुई मध्यावर आणि टाका सरळ ठेवल्याशिवाय रफलर लावूच नका. सुई थेट स्टीलवर आपटेल.

बाकी सोपं आहे. चाक हाताने फिरवून सुई पार वर आणा. पाय वर उचला, स्क्रू सैल करून तो काढा. रफलरची नांगी सुईच्या स्क्रूवर चढवा, त्याच वेळी त्याचा पाय दांड्याला बसवा आणि स्क्रू आवळा. बोटांनी नाही, पेचकसाने. रफलर जड असतो, दणके देतो, आणि स्क्रू सैल झाला की सुई गेलीच. आता पायडलला हातही… म्हणजे पायही लावू नका! चाक हाताने, आपल्या दिशेला, सावकाश फिरवा. सुई भोकाच्या बरोब्बर मधून जायला हवी. एक फेरी पुरत नाही. चुणी सहाव्या टाक्याला येणार असेल तर निदान सहा फेऱ्या फिरवून बघा.

कापड कुठून घालायचं इथे सगळे अडतात. जिला चुण्या हव्यात ती पट्टी दोन निळ्या पात्यांच्या मधून. ज्याला झालर जोडायची ते साधं कापड दोन्ही पात्यांच्या खालून, थेट मशीनच्या दातांवर. दोन्हींच्या सुलट बाजू एकमेकींना भिडलेल्या. म्हणजे चुण्या घालणं आणि झालर जोडणं एकाच शिलाईत उरकतं. मी पहिल्यांदा बसले तेव्हा सवयीने पट्टीला मागून ताण द्यायला गेले, तर मामी म्हणाली, “अगो, वडू नको. तिला खाऊ दे तिच्या चालीनं.” पट्टी मोकळी सोडायची, फक्त कडेला सरळ धरायची.

आता गंमत आकड्यांची. रफलरच्या पुढच्या पट्टीवर १, ६, १२ आणि एक चांदणी असते, काहींवर चांदणीऐवजी शून्य. १ म्हणजे प्रत्येक टाक्याला चुणी, ६ म्हणजे सहा टाक्यांनी एक, १२ म्हणजे बारा टाक्यांनी. इंचाला १० टाके धरले तर ६वर साधारण पाऊण इंचाच्या आत एक चुणी पडते, १२वर सव्वा इंचाच्या आसपास. चांदणीवर रफलर गप्प बसतो, साधी शिलाई चालते. मध्येच थोडा भाग चुण्यांशिवाय हवा असेल तर हे फार कामाचं. दुसरा कंट्रोल म्हणजे बाजूचा छोटा स्क्रू. तो आवळला की पातं लांब जातं आणि चुणी खोल होते, सैल केला की उथळ. आणि तिसरा, जो बरेचजण विसरतात, तो म्हणजे टाक्याची लांबी. टाका बारीक केला की चुण्या जवळ येतात, आणि तेवढ्याच झालरीत जास्त कापड जातं.

तीन कंट्रोल, वरून कापडाचा स्वभाव. म्हणजे ‘दुप्पट कापड घ्या’ हा सरसकट सल्ला इथे फुकट आहे. मामी काय करते? त्याच कापडाची २० इंचाची पट्टी कापते, चालवते आणि निघालेली झालर मोजते. समजा ८ इंच निघाली, तर हिशोब अडीचपट. मखराला ६० इंच झालर हवी, म्हणजे १५० इंच पट्टी. ४४ इंच पन्ह्याच्या कापडातून आडव्या पट्ट्या काढल्या तर तीन पट्ट्यांचे १३२ इंचच होतात, चौथी लागणारच. पट्टी ६ इंच रुंद असेल तर चार पट्ट्यांना २४ इंच कापड. पाऊण मीटर घ्या आणि निवांत राहा. पट्ट्यांचे जोड इस्त्रीने उघडून सपाट करा आणि जोड पात्यांजवळ आला की पाय थांबवून चाक हाताने फिरवा. जाड जोड भरधाव आत गेला की पाती वाकतात.

इथे पायडलचं खरं मोल कळतं. मोटरवालं मशीन नवख्या माणसाच्या हातात एकदम पळतं. पायडलवर एकेक टाका घालता येतो. एकच सवय लावून घ्यावी लागते. सुरुवात करताना चाकाला हाताने आपल्या दिशेला झटका द्यायचा, मग पाय. चाक उलटं गेलं की दोरा तुटतो.

आणि आता तो न धरलेला आकडा. मामीकडे शंभर पानी वही आहे. पानोपानी झालरीचे बोटभर तुकडे टाचलेले, शेजारी पेनने: ‘पॉपलीन, ६, दीड फेरा, अडीचपट’. ‘मलमल, १, अर्धा फेरा, तिप्पट’. कितीतरी वर्षांचं काम. मी तिला म्हटलं, ही वही स्कॅन करून ठेवू, पुढे कुणालाही उपयोगी पडेल. ती हसली. दुसरी चिंबोरी आणली तर दीड फेऱ्याला दीडच फेरा राहणार नाही, म्हणाली. आणि बरोबर आहे तिचं. प्रत्येक रफलरच्या स्क्रूची झीज वेगळी, प्रत्येक मशीनचे दात कापड वेगळं ओढतात. ती वही म्हणजे या एका मशीनची आणि या एका चिंबोरीची कुंडली आहे. स्टँड गेला की डोकं नुसतं उरतं. डोक्याला दुसरं लाकडी खोकं आणि मोटर लावता येते, नाही असं नाही. पण वेग बदलतो, हात बदलतो, आणि वही पहिल्या पानापासून नव्याने लिहावी लागते. साठीनंतर, डोळे आधीसारखे नसताना, ऑर्डरींच्या मोसमात.

मामेभावाला मी हे सांगितलं. त्याचं म्हणणं, झालरी किती रुपयांच्या होतात आणि खोलीचं भाडं किती, ते लिहून दाखव. रास्त प्रश्न. लिहून बघितलं तर भाडंच जिंकतं, आणि हे मामीलाही माहीत आहे. तिने सुचवलं ते आम्हा दोघांना सुचलं नव्हतं. खोली द्या, मशीन ओटीवर येऊ दे, पावसाची झड लागणार नाही अशा भिंतीला. जागा पुरते का ते बघायला मामेभाऊ टेप घेऊन उठला. पुरते. स्टूल मात्र मागे सरकवता येणार नाही, त्यामुळे मामीला तिरकं बसावं लागेल. त्या खरेदीदाराला अजून कुणी फोन केलेला नाही. गणपती होईपर्यंत करायचा नाही, एवढं ठरलंय.

तुमच्या घरी असं मशीन धूळ खात असेल तर स्टँडच्या आधी खण उघडा. चिंबोरी सापडली तर तिच्या हलणाऱ्या सांध्यांना मशीनच्या तेलाचा एकेक थेंब द्या आणि चिंधीवर हातभर चालवा, म्हणजे जादा तेल चिंधीत उतरेल. निळी पाती बोटाने वाकवून सरळ करायला जाऊ नका. नवा रफलर काही शे रुपयांत मिळतो, चालतोही, फक्त वही तुम्हाला तुमची सुरू करावी लागेल. पहिल्या पानाला पॉपलीन घ्या, ते फार लाड करून घेत नाही. साटनच्या वाटेला सुरुवातीला जाऊच नका, पात्यांमधून सटकतं. मामीचं शेवटचं पान साटनचंच आहे, १२वर, आणि पुढच्या रकान्यात अजून फक्त प्रश्नचिन्ह.