पहिलींतील मौन

शाळेस घड्याळ, पंखे किंवा भिंतींच्या रंगाचा खर्च देणारे दाते आमच्या शहरांत व पेठेंत पुष्कळ आहेत, व त्यांचे उपकार आम्ही नाकारीत नाहीं. परंतु यांपैकीं कितीजण भंडारा जिल्ह्यांतील एखाद्या खेड्याच्या पहिलींत एक दिवस मुकाट्यानें बसले असतील? रोवणीचे दिवस असतां एकदां अवश्य बसून पाहावें.

परिपाठ आटोपतो, भाषेचा तास लागतो. चित्रांतील विहीर पाहून एखादी पोर हर्षानें 'पानी' म्हणून ओरडते. 'पानी नव्हे, पाणी,' असें तिला सांगण्यांत येतें. घर कोठें म्हणून पुसल्यास 'मारुतीजवर' असें ती सांगते; तेंहि चुकीचें ठरतें. तिसऱ्या खेपेस ती तोंडच उघडीत नाहीं, फळ्यावरील अक्षरें उतरवून काढते, आणि वर्ग कसा शांत आहे म्हणून पाहुणे खूष होऊन जातात! मुलीचा अपराध तरी कोणता? तिच्या झाडीबोलींत ण व ळ यांचा उच्चारच नाहीं. ज्या बोलीचा शब्दकोश डॉ. हरिश्चंद्र बोरकरांनीं सिद्ध केला, तिला अशुद्ध म्हणण्याचा अधिकार आम्हां शहरवासीयांस कोणीं दिला?

दुपारीं खिचडीच्या पंगतींत हींच मुकीं मुलें पाहावीं. बांधींत पऱ्हे किती लागले, बोडींत मासे कोणीं धरले, बैल कसा अडून बसला, या गोष्टींना खळ नाहीं. दहा काड्यांची जुडी म्हणजे दशक, हा गणिताचा धडा जीं मुलें घरीं पऱ्ह्यांच्या जुड्या पाहतात त्यांस एका घटकेंत कळावा. ज्या गुरुजींस हें उमगलें आहे त्यांच्या वर्गांत तो कळतोहि. असे शिक्षक या जिल्ह्यांत नाहींत असें नाहीं. पण साठपर्यंत पट असलेल्या शाळेस कायद्यानें दोनच शिक्षक. पांच इयत्ता दोघांनीं वाटून घ्यावयाच्या, त्यांतच माहितीचे तक्ते भरावयाचे. मग फळा व उतरवणें हाच सोपा मार्ग उरतो. सारा दोष त्यांच्याच माथीं मारणें अन्यायाचें होईल.

कोणी म्हणतील, बोलींत शिकलेला मुलगा उद्यां आमच्या दुकानीं पत्र कसें लिहील? प्रमाण मराठी शिकवूं नका, असें आमचें म्हणणें मुळींच नाहीं. 'पानी'ला आधीं होय म्हणा, मग शेजारीं 'पाणी' लिहा, एवढेंच. ताराबाई मोडकांनीं १९४५ सालीं बोर्डीस बालशिक्षणाचें काम आरंभिलें, तें महागड्या साधनांवर नव्हे, तर गांवांत मिळणाऱ्या वस्तूंवर. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याचें २९ वें कलमहि शक्य तोंवर मातृभाषेंतून, कृतींतून व भयावांचून शिकवावें, असेंच सांगतें.

याच कायद्यानें शाळा व्यवस्थापन समितींत तीन चतुर्थांश जागा पालकांस दिल्या आहेत. पुढील सभेंत रंगाचा विषय निघण्यापूर्वीं पालकांनीं एवढें विचारावें कीं, आज पहिलींतील प्रत्येक मूल किती वाक्यें बोललें? व्यापारी बंधूंस देणगी द्यावयाचीच असेल, तर ती गोष्टींच्या पुस्तकांसाठीं द्यावी. झाडीबोलींत गोष्टी सांगणारी गांवचीच एखादी आजी शनिवारीं वर्गांत आणून बसविण्यास तर पैसाहि लागत नाहीं.