एक बाई, दोन पाळणे

कळंबहून सकाळच्या एसटीनं यवतमाळला नोकरीला जायचं, आणि घरी वर्षाचं लेकरू! सासूबाई गावी असतील तर सांभाळणार कोण? २०१७ पासून कायद्यानं पहिल्या दोन मुलांपर्यंत २६ आठवड्यांची भरपगारी रजा आहे. पाळणाघराची सक्ती मात्र ५० किंवा अधिक माणसं कामाला असलेल्या ठिकाणीच. अंगणवाडीची शाळा तीन वर्षांपुढच्या मुलांची, तीही काही तासच.

अशा वेळी शेजारणीबरोबर मिळून एकच बाई ठेवून पाहा. खर्च वाटला जातो, मुलांना सोबत मिळते. पण आधी काही गोष्टी स्पष्ट बोलून घ्या बरं का!

मुलं कोणाच्या घरी राहणार? महिना-महिना पाळी लावा. दूध, खाऊ, कपडे ज्याचे त्यानं द्यावेत. एकाला ताप आला, तर त्याच्या आईनं रजा घ्यावी. बाईचा पगार कापू नये. पहिले आठ दिवस दोघींपैकी एकीनं घरी थांबावं.

आणि पगार! एका मुलाचे पैसे दोघींनी निम्मे-निम्मे दिले, तर ती बचत नव्हे, बाईच्या पोटाला चिमटा आहे. प्रत्येकीनं पाऊण पगार द्यावा. तुमचा पाव वाचेल, तिला दीडपट मिळेल. धुणंभांडी हळूच तिच्या अंगावर टाकू नका.

दोन घरचा पाहुणा उपाशी म्हणतात. दोन घरची बाई तशी राहू नये. तिच्याही घरी लेकरू असेल. ते कोण सांभाळतं, एवढं एकदा विचाराल ना?