काट्याचे मीटर

'गेज' हा शब्द मला लहानपणापासून माहीत आहे, पण तो रुळांचा. आमच्या रोहण्यावरून पुलगाव-आर्वी ही छोटी गाडी जायची. दोन रुळांमधले अंतर अवघे अडीच फूट! 'नॅरो गेज' हे शब्द आम्ही पोरांनी इंग्रजी मुळाक्षरे गिरवण्याआधीच उचलले होते. त्यामुळे मागच्या महिन्यात पुतण्याचा फोन आला, "मोठेबाबा, गाडीले गेज लावून रायलो, येता काय पायले?" तेव्हा क्षणभर मला वाटले, रेल्वे पुन्हा सुरू होते की काय!

तसे काही नव्हते. त्याच्याकडे एक जुना छोटा ट्रक आहे. हंगामात कापूस, तूर, सोयाबीन, संत्री, एरवी मिळेल तो माल. त्या ट्रकला तो बाहेरून आणलेली मीटरे बसवणार होता : ऑइलच्या दाबाचे, पाण्याच्या उष्णतेचे आणि बॅटरीच्या व्होल्टचे. माझे वय आता पंचाहत्तरीकडे झुकलेले, मराठी माध्यमातून बी.ए. झालेला मास्तर मी, मला इंजिनातले काय कळणार? पण गावी जायला निमित्त हवे असते. वर्ध्याहून सकाळची एसटी धरली.

मीटरे बसवायची गरज का पडली, ते आधी सांगतो. दोन वर्षांपूर्वी रात्री माल टाकून येताना त्याच्या गाडीचे ऑइल कुठूनतरी गळत होते. समोर ऑइलचा लाल दिवा आहे, पण तो लागला तेव्हा उशीर झाला होता. त्याने गाडी लगेच बाजूला घेतली. तरी बेअरिंग गेलेच. इंजिनाचे काम निघाले आणि एका हंगामाची कमाई त्यात गेली. "दिवा लागला तवा काम तमाम झालं होतं न, मोठेबाबा," हे तो अजून सांगतो.

असे का होते, ते मी त्या दिवशी समजून घेतले. दिव्याला फक्त दोनच गोष्टी सांगता येतात : लागलो किंवा नाही लागलो. ऑइलचा दाब अगदी तळाला, बहुतेक गाड्यांत अर्ध्या किलोच्या आसपास आला, की आतला स्विच जुळतो आणि दिवा लागतो. रस्त्यावर धावताना जिथे तीन-चार किलो दाब असायला हवा तिथे तो दीडवर आला, तरी दिवा गप्प! काट्याचे मीटर मात्र चारावरून साडेतीन, साडेतीनवरून तीन, अशी घसरण दाखवत जाते. माणसाला थांबायला, बोनेट उघडायला अवसर मिळतो.

आर्वीचा वायरिंगवाला सकाळीच आला होता. अंगणातल्या कडुनिंबाखाली ट्रक उभा. इंजिनाच्या ब्लॉकवरचा दिव्याचा स्विच काढून त्याने तिथे पितळेचा टी-जोड बसवला, म्हणजे दिवाही राहिला आणि मीटरचा सेन्सरही बसला. जोडाला प्लंबर लावतात ती पांढरी टेप गुंडाळायला पुतण्या निघाला, तर त्याने हात धरला. सेन्सरची अर्थिंग आट्यांतूनच मिळते, टेप जास्त झाली की अर्थ तुटतो आणि मीटर खोटे बोलते. ऑइलची नळी थेट केबिनपर्यंत नेणारे जुन्या पद्धतीचे मीटरही मिळते. पण नळी फुटली तर उकळते ऑइल पायावर येते, म्हणून विजेवर चालणारे घेतले. तारा केबिनच्या पत्र्यातून आत घेताना भोकाला रबरी बूच लावले, नाहीतर पत्र्याच्या धारेने तार सोलली जाते. चावी फिरवल्यावर जिथे करंट येतो तिथून फ्यूज घालून लाइन घेतली. चार तासांचे काम. मी स्टुलावर बसून पाने हातात देत होतो, वर्गात खडू देणाऱ्या पोरासारखा!

सगळ्यात महत्त्वाची गोष्ट तो जाता जाता बोलून गेला. पाण्याच्या मीटरवर आंधळा विश्वास ठेवायचा नाही. पाणी कमी होत असते तोवर काटा वर चढतो, ते बरोबर. पण रेडिएटर फुटून पाणी पार निघून गेले, सेन्सर कोरडा पडला, की काटा उलट खाली येऊ शकतो. इंजिन जळत असते आणि मीटर थंड दाखवते!

हे वाक्य घेऊन मी संध्याकाळी गावात फिरायला निघालो आणि ते काही डोक्यातून जाईना.

आधी स्टेशनाकडे गेलो. 1917 साली सुरू झालेली ही लाइन, किलिक निक्सन मंडळींच्या खाजगी कंपनीची. मूर्तिजापूर-यवतमाळच्या गाडीला 'शकुंतला' म्हणत, आमचीही तिचीच बहीण. पस्तीस किलोमीटरला ती इतका वेळ घ्यायची की पोरे उतरून बोरे वेचून पुन्हा चढत. गंमत म्हणून हे आपण सांगतो, पण खरे काय झाले? एसटी वाढली, रस्ते झाले. गाडीतली माणसे दरवर्षी थोडी थोडी कमी होत गेली. तिकिटाच्या खिडकीपुढची रांग आखूड झाली. ती रांग हाच काटा होता, आणि तो आम्ही रोज पाहत होतो. कोणी काही बोलले नाही, मीही नाही. गाडी बंद पडली तेव्हा मात्र निवेदने निघाली, ब्रॉडगेजची मागणी झाली.

मग आमच्या जुन्या विहिरीवर गेलो. लहानपणी आई उन्हाळ्यात पायऱ्या मोजायची. "आज सातवी उघडी पडली," असे ती रात्री जेवताना सांगायची आणि त्यावरून वडील भाजीचा वाफा ठेवायचा की मोडायचा ते ठरवायचे. तेही मीटरच होते, दगडाचे. आता घरोघरी नळ आणि वावरात बोअर. बोअरमध्ये वाकून बघता येत नाही. तिथे फक्त दिवा आहे : मोटर पाणी फेकते किंवा फेकत नाही. ज्या दिवशी नळीतून हवा येते, त्या दिवशी कळते.

शाळेचेही तसेच. आम्हा शिक्षकांना 30 सप्टेंबर ही तारीख पाठ असते, त्या दिवशीच्या पटावर शिक्षकांची पदे ठरतात. मी नोकरी केली ती दुसऱ्या तालुक्यात, पण गोष्ट सगळीकडे सारखी. दरवर्षी पट दोनाने, चाराने उतरायचा. आम्ही तो आकडा तक्त्यात भरून वर पाठवायचो, की झाले! 2023 साली शिक्षण विभागाने वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून 'समूह शाळा' करण्याचे प्रस्ताव मागवले, तेव्हा राज्यभर आरडाओरड झाली. आरडाओरड योग्यच होती, पण तो लाल दिवा होता. काटा वीस वर्षे आमच्याच हातात होता आणि आम्ही त्याची नीट नक्कल काढून फाइलला लावत होतो. या 'आम्ही'त मी आहे.

गाव बदलले म्हणून मी गळा काढणार नाही. माझ्या लहानपणचे रोहणे सोन्याचे नव्हते. काही लोकांना आमच्या त्या विहिरीला हात लावायची परवानगी नव्हती, आणि याची लाज आमच्या घरातही कोणाला वाटत नव्हती. बाळंतपणात बाया दगावत. आज पोरगी स्कूटीवर कॉलेजात जाते, फोनवर कापसाचा भाव कळतो. आमच्या तालुक्यातून समृद्धी महामार्ग गेला. 11 डिसेंबर 2022 रोजी त्याचा नागपूर-शिर्डी टप्पा खुला झाला, आता पूर्ण 701 किलोमीटर झाला. पुतण्याला त्याचा उपयोग होतो. ज्वारी जाऊन सोयाबीन आले, रेंग्या जाऊन ट्रॅक्टर आले. बदलाला माझी हरकत नाही. तो होत असताना आपण पाहत नाही, याला आहे.

आणि आता जी गोष्ट सांगायची मी टाळत होतो ती. हा पुतण्या माझ्या धाकट्या भावाचा मुलगा. मी नोकरीला बाहेर पडलो, भावाने वावर सांभाळले. मी दर रविवारी त्याला फोन करायचो. "बरं आहे न?" मी विचारायचो. "बरं आहे," तो म्हणायचा. तीस वर्षे हेच. 2017 साली तो हृदयविकाराने गेला. तेराव्यानंतर ट्रंकेतले कागद काढले, तेव्हा कळले की तीन ठिकाणचे कर्ज होते आणि धुऱ्याकडचे तीन एकर त्याने थोडे थोडे करून विकले होते. एका वर्षी एक एकर, दोन वर्षांनी अर्धा... सातबारे तारखेनुसार लावले तर सरळ उतरता काटा दिसत होता. वहिनी म्हणाली, "त्याईले वाटे, तुमाले काहून तरास द्यावा."

मी त्याला कधी खोटे बोलायला लावले नाही. पण मी प्रश्नच असा विचारत होतो, ज्याचे उत्तर दिव्यासारखे येते. 'बरं आहे' किंवा 'बरं नाही'. आणि आपल्याकडे कोणता शेतकरी भाऊ नोकरीवाल्या भावाला पहिल्या दमात 'बरं नाही' म्हणेल? शेवटच्या दोन-तीन वर्षांत तर तो कधी कुरकुरही करत नव्हता. आधी पाऊस, भाव, मजुरी यांवर तासभर बोलायचा. मग बोलणे कमी झाले. मला वाटले, वयाने शांत झाला. पाणी संपल्यावर काटा खाली येतो, हे तेव्हा मला कोणी सांगितले नव्हते.

काही जण म्हणतील, मास्तर, तुम्ही फार ताणता. काटा सारखा हलतो, माणूस उगाच घाबरतो, म्हणून तर कंपन्यांनी दिवे दिले. यात तथ्य आहे. वायरिंगवाल्यानेच सांगितले की हल्लीच्या बऱ्याच गाड्यांत उष्णतेचा काटा मुद्दाम मधोमध स्थिर ठेवलेला असतो, थोडे वर-खाली झाले तरी तो हलत नाही. ग्राहक बेचैन होऊ नये म्हणून! आपण गावांचेही असेच करतो, मधोमध चिकटवलेला काटा अहवालात दाखवतो. आणि नुसती मीटरे लावूनही भागत नाही. निळ्या उजेडाची पाच-पाच मीटरे हौसेने लावून एकाकडेही न पाहणारे ड्रायव्हर आहेतच. मला एवढेच म्हणायचे आहे, की आपल्या माणसांबद्दलची थोडी बेचैनी बरी असते. ती वाचवायला गेलो की पुढे इंजिनकाम निघते.

म्हणून मी माझे प्रश्न बदलले आहेत. पुतण्याला आता 'बरं आहे न' विचारत नाही. विचारतो, कापूस किती क्विंटल निघाला, कोणत्या भावाने गेला, गाडीचे किती हप्ते राहिले, बोअर किती वेळ चालते. पहिल्यांदा त्याला ते उलटतपासणीसारखे वाटले. आता तो स्वतःहून सांगतो, कधी चिडून, कधी हसत. चिडला की मला बरे वाटते.

काम झाल्यावर त्याने गाडी सुरू केली. ऑइलचा काटा चारापर्यंत चढला आणि इंजिन तापल्यावर उभ्या गाडीत दीडवर स्थिरावला. व्होल्टमीटर चौदाला. पाण्याचा काटा चाळीसवरून हळूहळू ऐंशीकडे. "पाय मोठेबाबा, समदं दिसून रायलं," तो म्हणाला. वहिनी चहा घेऊन आली. मी तिला विचारले, गुडघा कसा आहे? ती म्हणाली, "बरा आहे."

मग मी विचारले, पाणी भरायला जिना दिवसातून किती वेळा चढता? ती जरा थांबली आणि म्हणाली, "आता दोनदाच. मागच्या साली चार खेपा होत होत्या."

येत्या आठवड्यात तिला सेवाग्रामच्या दवाखान्यात दाखवायला नेतो आहे.