भांडण आधी, आलिंगन नंतर

गणपती आणि ईद जवळ आली की पोलीस ठाण्यात शांतता समितीची बैठक भरते. चहा येतो, दोन्हीकडची वडीलधारी मंडळी ‘आमच्या गावात सलोखा आहे’ असं सांगून उठतात. या बैठका व्हायलाच हव्यात. पण मनात साचलेलं तिथे कुणी बोलत नाही आणि मग ते मिरवणुकीत बाहेर पडतं.

सोळाव्या शतकात पैठणच्या एकनाथांनी ते चारचौघांत बोलून दाखवलं. त्यांचं ‘हिंदू-तुर्क संवाद’ हे भारूड म्हणजे सरळसरळ भांडण आहे. तुर्क विचारतो, दगडाला देव कसे मानता? हिंदू उलटून विचारतो, देव पश्चिमेलाच असेल तर बाकीच्या दिशा काय ओस पडल्या? सोवळं-ओवळं, पुराणातल्या देवांच्या गोष्टी, सगळं निघतं. आणि नाथ तुर्काच्या तोंडी एकही लेचापेचा मुद्दा घालत नाहीत. हे मला फार मोठं वाटतं. शेवटी दोघं एकमेकांना नमस्कार करून आलिंगन देतात. नाथांना हे धैर्य गुरुघरूनच मिळालं असावं. त्यांचे गुरू जनार्दनस्वामी देवगिरीच्या किल्ल्यावर निजामशाहीच्या चाकरीत होते आणि जनार्दनस्वामींचे गुरू चांद बोधले सुफी होते, असं परंपरा सांगते.

भारुडाची खरी ताकद मात्र कागदावर कळत नाही. लुगडं नेसलेला भारूडकर गिरकी घेतो, टाळकरी ध्रुपद उचलतात. मध्येच तो हात वर करून टाळ थांबवतो आणि पुढे बसलेल्या एखाद्या म्हाताऱ्याला विचारतो, ‘काय वो अण्णा, सुनंला नीट नांदवताय न्हवं?’ सगळा मांडव हसतो, अण्णाही हसतात. एरवी हेच विचारलं असतं तर काठ्या निघाल्या असत्या. वासुदेव, जोशी, गोंधळी, फकीर अशी सोंगं नाथांनी घेतली ती याचसाठी. सोंगाला विचारायची मुभा असते आणि ऐकणाऱ्याचा मान राहतो.

मंडळांच्या कार्यकर्त्यांना माझी विनंती आहे. यंदा दहा दिवसांतली एक रात्र डीजेऐवजी या संवादाला द्या. मोहल्ल्यातल्या मंडळींना प्रेक्षक म्हणून बोलावू नका, तालमीलाच बोलवा. आणि जमलं तर भूमिकांची अदलाबदल करा: हिंदूचं काम मुसलमान पोराला, तुर्काचं हिंदूला. संहिता नाथांच्या गाथेत आहे.